नऊ दिवे लावूनही खोली निर्जीवच

घराच्या थ्रीडी डिझाइनचा नाद लागला तेव्हा मी पहिली खोली रचली ती अगदी साधी होती. डावीकडे मोठी खिडकी, समोर सोफा, मध्ये लाकडी टेबल, टेबलाखाली लाल गालिचा आणि चारही भिंती पांढऱ्या. सगळं जागच्या जागी बसवलं, बाहेर सूर्य लावला आणि रेंडरचं, म्हणजे या रचनेचं चित्र बनवण्याचं बटण दाबलं. चित्र आलं ते गुहेचं! खिडकीखाली उन्हाचा एक लख्ख चौकोन, बाकी सगळा काळोख. मग कुणीही नवशिका करतो तेच मी केलं. छताखाली एक दिवा टांगला. सोफ्यामागे अंधार वाटला म्हणून तिथे दुसरा. टेबलाखाली तिसरा. असं करता करता नऊ दिवे झाले. आता सगळं दिसत होतं, पण खरं काहीच वाटत नव्हतं. सोफा जमिनीला टेकलेलाच नव्हता, तरंगत होता. टेबलाच्या एकेका पायाला तीन-तीन सावल्या फुटल्या होत्या.

वैतागून खुर्चीत मागे रेललो आणि मी बसलो होतो त्या खऱ्या खोलीकडे पाहिलं. भर दुपार होती, एकही दिवा चालू नव्हता. उजेड येत होता तो एकाच खिडकीतून. तरीही टेबलाखाली घरंगळलेली पेन्सिल दिसत होती, तिच्यावरची सोनेरी अक्षरंसुद्धा. खिडकीतून निघालेल्या किरणाला तिथपर्यंत सरळ जायला वाटच नव्हती. मग तिथे उजेड कुणी नेऊन ठेवला?

भिंतींनी. खिडकीतून आलेला प्रकाश जमिनीवर पडतो, त्यातला काही शोषला जातो आणि उरलेला चहूकडे फेकला जातो. तो भिंतीवर जातो, भिंत तो छताकडे ढकलते, छत पुन्हा खाली. या टोलवाटोलवीतून खोली किती उजळते, याचा हिशेब साधा असला तरी चकित करणारा आहे. समजा, १०० भाग प्रकाश आत आला आणि खोलीतला प्रत्येक पृष्ठभाग निम्मा प्रकाश परत फेकतो. मग १०० मध्ये ५० मिळाले, त्यात २५, मग साडेबारा, असं करत बेरीज २०० वर थांबते. पृष्ठभाग ८० टक्के प्रकाश परत फेकत असतील तर हीच बेरीज ५०० होते. आणि ९० टक्के असतील तर १०००. म्हणजे पांढरा रंग जरासा अधिक पांढरा केला, तर खोलीतला उजेड दुप्पट! खऱ्या खोलीत हे गणित इतकं स्वच्छ चालत नाही. काही प्रकाश खिडकीतून परत बाहेर जातो, गडद सोफा बराचसा गिळून टाकतो. पण कल तोच राहतो. बंद खोलीत उजेड किती, हे दिव्यांइतकंच भिंती ठरवतात.

संगणकचित्रांच्या सुरुवातीच्या काळात या टोलवाटोलवीचा हिशेब कुणी करत नसे, कारण तो परवडतच नसे. सावलीतल्या जागा ठार काळ्या दिसू नयेत म्हणून एक ठरावीक उजेड सगळीकडे सारखाच मिसळून टाकत. त्याला ‘अँबियंट’ म्हणायचे. चित्रावर राखाडी पाण्याचा हात फिरवल्यासारखा तो दिसे. १९८४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘रेडिओसिटी’ नावाची पद्धत मांडली. उष्णता एका पृष्ठभागावरून दुसऱ्यावर कशी जाते हे काढायला अभियंते जे गणित वापरत, तेच त्यांनी प्रकाशाला लावलं. तपासणीसाठी त्यांनी वापरलेली खोली आजही ‘कॉर्नेल बॉक्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. एक रिकामं खोकं, त्याच्या समोरासमोरच्या दोन भिंती रंगीत, बाकी सगळं पांढरं. गंमत अशी की त्या चित्रात लाल भिंतीजवळच्या पांढऱ्या पृष्ठभागावर लालसर झाक उतरते. ती कुणी रंगवलेली नसते. लाल भिंतीवरून उसळलेला प्रकाश लाल रंग सोबत घेऊन येतो. पुढे १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी या सगळ्या टोलवाटोलवीचं ‘रेंडरिंग समीकरण’ मांडलं आणि ते सोडवण्यासाठी ‘पाथ ट्रेसिंग’ची, म्हणजे एकेका किरणाची उसळत जाणारी वाट काढण्याची पद्धतही दिली. आजची बहुतेक वास्तवदर्शी रेंडर इंजिनं त्याच वाटेने चालतात.

माझे नऊ दिवे म्हणजे जुन्या अँबियंटचीच हातमागावरची आवृत्ती होती. उसळून येणारा प्रकाश मिळत नाही म्हणून जागोजागी ठिगळं लावायची. खरा प्रश्न हा होता, की पाथ ट्रेसिंग करणारं सॉफ्टवेअर वापरत असूनही तो प्रकाश मला मिळत का नव्हता?

पहिलं कारण सेटिंगमध्ये सापडलं. किरण किती वेळा उसळू द्यायचा, याला सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा असते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स नावाच्या रेंडर इंजिनमध्ये मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या पृष्ठभागांसाठी हा आकडा मुळात ४ असतो. ८० टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या खोलीत चार उसळ्यांनंतर हिशेब बंद केला, तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड हिशेबात येतच नाही. बारा उसळ्या दिल्या तर तूट पाच-सहा टक्क्यांवर येते. बाहेरचं दृश्य असेल तर चारने भागतं, कारण प्रकाश आकाशात निघून जातो. खोलीत तो कोंडलेला असतो.

दुसरं कारण भिंतीच्या पांढऱ्या रंगात होतं, आणि इथे मी अगदी उलट्या बाजूला घसरलो. वरचं गणित कळल्यावर उत्साहाच्या भरात भिंतींचा रंग २५५ केला, म्हणजे सॉफ्टवेअरमधला सगळ्यात पांढरा. खोली धुक्यात बुडाल्यासारखी झाली, कोपरे नाहीसे झाले. कारण सरळ आहे. २५५ म्हणजे पडलेला सगळाच्या सगळा प्रकाश परत फेकणारी भिंत. अशी भिंत जगात नाही. ताजा बर्फसुद्धा ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास थांबतो, चांगला पांढरा रंग साधारण ८० टक्के. मग आकडा किती ठेवायचा? २५५ चे ८० टक्के म्हणजे २०४, असं वाटतं ना? तिथेच फसगत आहे. पडद्यावरच्या रंगांचे आकडे डोळ्याच्या सोयीने ताणलेले असतात, प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. १२८ हा आकडा मधोमध दिसतो, पण तो जेमतेम २२ टक्के प्रकाश परत फेकणारा रंग आहे. निम्मा प्रकाश परत फेकणारा रंग १८८ वर येतो आणि ८० टक्क्यांचा २३० च्या आसपास. तेव्हापासून माझ्या पांढऱ्या भिंती २३० च्या वर जात नाहीत. काळ्या वस्तूही शून्यावर नेत नाही. कोळसासुद्धा तीन-चार टक्के प्रकाश परत फेकतो.

तरीही चित्र अंधारंच होतं. कारण आता दोष खोलीचा उरला नव्हता, कॅमेऱ्याचा होता. लक्स या उजेडाच्या मापात भर उन्हात उजेड सुमारे एक लाख असतो, दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत शे-दोनशे. पाचशे-हजार पटीचा हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा गुपचूप जुळवून घेतो. त्यात बाहुलीचा वाटा थोडाच. ती पूर्ण उघडली तरी आकसलेल्या स्थितीपेक्षा साधारण सोळा पट प्रकाश आत घेते, बाकीचं काम मुख्यतः डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या पेशी करतात. सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्याला अशी सवय नसते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती प्रकाश आत घेतो ते माप, उन्हासाठी लावलेला असेल तर खोली काळीच येणार. छायाचित्रकार आत आला की उन्हातल्यापेक्षा सात-आठ स्टॉप जास्त प्रकाश घेतो. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, सात स्टॉप म्हणजे १२८ पट. मी दिवे वाढवत होतो, वाढवायला हवा होता एक्स्पोजर.

एक्स्पोजर वाढवला की खिडकीतलं आकाश जळून पांढरं होतं आणि लोक घाबरून मागे येतात. थोडं जळू द्यावं. चांगल्या छायाचित्रांतही खिडकी आतल्यापेक्षा उजळच असते. खिडकीबाहेरचं झाड आणि सोफ्यामागची सावली दोन्ही सारखीच स्पष्ट दिसणारी चित्रं मला तरी खोटी वाटतात, जाहिरातीतल्या हास्यासारखी. अर्थात खिडकीची कडा चाकूने कापल्यासारखी पांढरी होऊ नये. त्यासाठी ‘टोन मॅपिंग’ असतं. अतितेजस्वी भाग एकदम न तोडता हळूहळू दाबत नेणारी ती एक वक्ररेषा आहे. ब्लेंडरच्या २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत यासाठी ‘एजीएक्स’ नावाची नवी सोय मुळातच लावून दिलेली आहे. आधीच्यापेक्षा ती झगमगीत रंग बरेच शहाणपणाने हाताळते.

आता सावल्या. खऱ्या खोलीत उन्हात उभ्या असलेल्या खुर्चीची सावली जवळून पाहा. पाय जिथे जमिनीला टेकतो तिथे सावलीची कडा रेघ मारल्यासारखी असते. पाठीच्या वरच्या दांड्याची सावली मात्र कडेला विरघळलेली. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो. त्यामुळे वस्तू आणि जमीन यांच्यात एक मीटर अंतर असेल, तर सावलीची कडा साधारण ९ मिलिमीटर पसरते. दोन मीटरला दुप्पट. सॉफ्टवेअरमधल्या सूर्याची ही रुंदी शून्यावर असेल, तर सगळ्या सावल्या पत्र्यातून कापल्यासारख्या येतात, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतं. दिव्यांचंही तसंच. शून्य आकाराचा दिवा जगात नाही. बल्बला बल्बाएवढा आकार द्यावा, फॉल्स सीलिंगमधल्या पट्टीला पट्टीएवढा. प्रकाशाचा उगम जितका मोठा, सावली तितकी मऊ.

दिव्याची ताकद ठरवताना वॅटच्या आकड्याने बरेच जण चकतात. डब्यावरचा वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. सॉफ्टवेअर अनेकदा वॅट विचारतं ते बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे. लुमेन, म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप, टाकता येत असतील तर तेच टाकावेत. जुना ६० वॅटचा बल्ब सुमारे ८०० लुमेन देत असे, एवढं लक्षात असलं की बाकीचा अंदाज बांधता येतो. रंगाचं म्हणाल, तर तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. घरगुती पिवळा दिवा २७०० केल्विनचा, दिवसाचा उजेड ६००० च्या आसपास, आणि नुसत्या निळ्या आकाशाचा त्याहून बराच वर. संध्याकाळच्या दृश्यात दोन्ही एकत्र आले की खिडकी निळसर आणि दिवा पिवळसर दिसायलाच हवा. ते भांडण मिटवायला जाऊ नये.

एवढं सगळं जमल्यावर समोर उभा राहतो तो नॉइज, चित्रभर सांडलेली रवाळ कणकण. पाथ ट्रेसिंग प्रत्येक पिक्सेलमधून काही किरण यादृच्छिक दिशांना सोडतं आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढतं. ही ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत. १९४६ मध्ये आजारपणातून उठताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडत बसलेल्या स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाला ती सुचली. डाव जिंकायची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव खेळून मोजलेले काय वाईट, असा तो विचार. तिची खोड अशी, की चूक निम्मी करायला नमुने चौपट लागतात. १०० सॅम्पलचं, म्हणजे नमुन्यांचं चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर ४००, आणखी दुप्पट हवं तर १६००. म्हणून नुसते सॅम्पल वाढवत बसणं हा महागडा उपाय आहे. आधी किरणांना खिडकी सापडतेय का ते पाहावं. आंधळेपणाने सोडलेले बहुतेक किरण भिंतींवरच आपटतात. ‘उजेड इथून येतो’ असं सांगणारी चौकट खिडकीत बसवायची सोय बऱ्याच इंजिनांत असते, तिला पोर्टल म्हणतात. आणि एक माझ्या अनुभवातलं. खिडकीची काच काढून टाका. काचेतून वाकून आत येणाऱ्या उन्हाची वाट शोधणं इंजिनाला फार जड जातं, आणि दुरून पाहताना काच आहे की नाही हे कुणाला कळतही नाही. उरलेली कणकण डीनॉइझर पुसून देतो, पण त्याला फार मोकळीक दिली तर सोफ्याच्या कापडाची वीणही तो कणकण समजून पुसतो.

शेवटी मी त्या जुन्या खोलीत परत गेलो. उसळ्या बारा केल्या, भिंती २३० वर आणल्या, सूर्याला अर्ध्या अंशाचा आकार दिला, एक्स्पोजर उघडला. टेबलाची धारदार कडा दोन मिलिमीटर गोलावली, तशी तिच्यावर उजेडाची एक बारीक रेघ आली. मग दिवे एकेक करून काढत गेलो. नववा काढल्यावर सोफा पहिल्यांदा जमिनीवर बसला. त्याच्या पायांशी, जिथे प्रकाश शिरायला जागा उरत नाही तिथे, गडद सावली साचली होती. कॅमेरा खाली घेऊन टेबलाच्या तळाची फळी पाहिली. तिच्यावर गालिच्याची लालसर झाक आली होती.