पॅसिफिकमध्ये प्रत्येक बेट लढून घेतलं नव्हतं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पॅसिफिकमधलं एकेक बेट जिंकत जपान गाठला, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ते खरं नाही. तारावा, इवो जिमाच्या रक्तरंजित लढाया झाल्याच. पण खरी बेडूकउडी होती ती जपानची मजबूत ठाणी वगळून पुढच्या बेटावर जाण्यात.

ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांपैकी कोलोंबांगारा बेटावर सुमारे दहा हजार जपानी वाट बघत बसले होते. अमेरिकन सैन्य उतरलं पलीकडच्या वेला लावेला बेटावर, जिथे जवळपास कुणीच नव्हतं. तिथे धावपट्टी बांधली आणि मागचं ठाणं निरुपयोगी झालं.

सगळ्यात मोठं उदाहरण राबौलचं, म्हणजे आजच्या पापुआ न्यू गिनीतल्या जपानच्या मोठ्या तळाचं. अमेरिकन जनरल मॅकआर्थरने ही युक्ती शोधली असं सर्रास सांगतात, पण राबौल जिंकायलाच हवं, असा आग्रह मुळात त्याचाच होता! वरिष्ठांनी ते वगळायचं ठरवलं. विमानांनी रसद तोडली. मग तिथले हजारो जपानी सैनिक बोगदे खोदत, रताळी पिकवत राहिले. ६ सप्टेंबर १९४५ ला तिथला जपानी सेनापती जनरल इमामुराने शरणागतीवर सही केली, तोवर युद्ध केव्हाच पुढे निघून गेलं होतं.

या वेढ्यात जपान्यांच्या कैदेतले भारतीय जवानही अडकले होते. राबौलजवळच्या बिता पाका दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं.