कॉम्प्रेसरच्या पोटातला दाब: काटा गप्प, हवा मात्र नाही

कॉम्प्रेसरला किंवा टर्बाइनला साधा प्रेशर गेज लावला की काटा थोडा थरथरतो आणि मग एका आकड्यावर जाऊन बसतो. ऑपरेटरला तेवढं पुरतं, कारण मशीन नेहमीच्या रेंजमध्ये चालतंय की नाही एवढंच त्याला बघायचं असतं. पण आतल्या हवेचा दाब त्या आकड्यावर कधीच बसलेला नसतो, तो सेकंदाला हजारो वेळा वरखाली होत असतो आणि काटा आपल्याला फक्त त्याची सरासरी दाखवत असतो. बरं, हा चढउतार म्हणजे काही मशीनचा दोष नाही की डिझाइन सुधारलं की जाईल. तो गेला तर मशीन चालायचंच नाही.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण रॉबर्ट डीन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९५९ मध्ये एका पेपरात हे नीट मांडून ठेवलंय. हवा शांतपणे, वेळेनुसार काहीही न बदलता वाहत असेल तर तिचा दाब वाढला की वेग कमी होतो आणि वेग वाढला की दाब कमी होतो, म्हणजे एकूण ऊर्जा तेवढीच, फक्त या खिशातली त्या खिशात. घर्षण आणि उष्णतेची देवाणघेवाण बाजूला ठेवली तर हवेच्या एखाद्या कणाची एकूण ऊर्जा वाढवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कण जिथे आहे तिथला दाब वेळेनुसार बदलायला हवा. फिरणारी पाती नेमकं हेच करतात. प्रत्येक पात्याच्या एका बाजूला जास्त दाब असतो, दुसऱ्या बाजूला कमी, आणि पातं ही जोडी सोबत घेऊन पळत असतं, त्यामुळे बाहेर एका जागी उभं राहून बघणाऱ्याला दाब सतत चढताना आणि पडताना दिसतो. पात्यावर बसून बघितलं तर मात्र तोच दाब बऱ्यापैकी स्थिर दिसेल.

आता हे किती वेगात होतं ते बघू. समजा रोटर, म्हणजे पाती बसवलेला फिरता भाग, मिनिटाला १२,००० फेरे मारतोय, म्हणजे सेकंदाला २००, आणि त्याला ३६ पाती आहेत. केसिंगवरच्या (बाहेरच्या स्थिर आवरणावरच्या) एका ठिपक्यासमोरून सेकंदाला ७,२०० पाती जाणार, म्हणजे दर १३९ मायक्रोसेकंदाला एक. पण नुसतं ७,२०० हर्ट्झ मोजता आलं म्हणजे झालं असं नाही. कॉम्प्रेसरच्या पात्याची जास्त दाबाची बाजू फिरण्याच्या दिशेला पुढे असते, त्यामुळे पातं जवळ येईल तसा दाब हळूहळू चढत जातो, मग पात्याचं टोक सेन्सरसमोरून जातं आणि दाब धाडकन खाली येतो, कारण आता समोर मागची, कमी दाबाची बाजू आलेली असते. रोटरची त्रिज्या २५ सेंटिमीटर धरली तर टोकाचा वेग सेकंदाला साधारण ३१४ मीटर होतो, आणि टोक २ मिलिमीटर जाड असेल तर ते सेन्सरसमोरून जायला जेमतेम ६ मायक्रोसेकंद लागतात. ही पडती बाजू खरी दिसायला हवी असेल तर आपली सिस्टिम १०० किलोहर्ट्झच्या आसपास तरी नीट चालली पाहिजे. संथ सिस्टिम त्याचा गुळगुळीत डोंगर करून दाखवते, आणि रिपोर्टमध्ये तो छान दिसतो हीच अडचण आहे.

माझं मत विचाराल तर या सगळ्या धंद्यात सेन्सर हा सगळ्यात अवघड भाग नाहीये. अवघड आहे ते सेन्सर आणि हवा यांच्यामधलं भोक.

दाब मोजायची जुनी आणि आजही सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे भिंतीला बारीक भोक पाडायचं, त्याला नळी जोडायची आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मीटर लावायचा. सरासरी दाबासाठी हे उत्तम. पण नळीत हवा असते, हवेला वजन असतं आणि ती दाबलीही जाते, त्यामुळे नळी स्वतःच वाजायला लागते. एका टोकाला बंद नळीची पहिली वाजायची फ्रिक्वेन्सी म्हणजे ध्वनीचा वेग भागिले नळीच्या लांबीची चौपट. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा, नळी १ मीटरची असेल तर उत्तर येतं ८५ हर्ट्झ. म्हणजे आपल्याला ७,२०० हर्ट्झ बघायचेत आणि नळी ८५ लाच गायला बसली, त्याच्या आसपासचे चढउतार फुगवून दाखवते आणि त्याच्या बऱ्याच वरचे, बारीक नळी असेल तर, दाबून टाकते. नळी १ सेंटिमीटरची केली तर ८,५०० हर्ट्झ, आणि हे तर अजून वाईट, कारण आपल्या पात्यांच्या फ्रिक्वेन्सीला खेटूनच आलं. १ मिलिमीटर केली तर ८५ किलोहर्ट्झ. आणि त्यात भोकामागे सेन्सरच्या समोर छोटीशी पोकळी राहिली असेल तर बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी घुमते तशी ती पोकळी घुमते आणि फ्रिक्वेन्सी आणखी खाली येते. म्हणून जमेल तिथे सेन्सरचा पडदा थेट भिंतीच्या पातळीला आणून बसवतात, खड्डा नाही आणि उंचवटाही नाही. एवढा उघडा ठेवला की हवेतले धुळीचे कण येऊन त्यावर आपटतात, म्हणून मग पडद्यासमोर बारीक भोकांची जाळी लावतात, आणि जाळी लावली की परत थोडी पोकळी आलीच, थोडी फ्रिक्वेन्सी गेलीच. प्रत्येक वेळी असा सौदा करावा लागतो.

सेन्सर स्वतः आता खूप बारीक झालेत, बाहेरचा व्यास १.६ मिलिमीटर असलेले सहज वापरात आहेत. त्यांच्यात सिलिकॉनचा पातळ पडदा असतो, त्यावर चार छोटे रेझिस्टर ब्रिजमध्ये जोडलेले असतात, दाबाने पडदा वाकला की रेझिस्टन्स बदलतो आणि तेवढ्या व्होल्टेजमध्ये दाब कळतो. सिलिकॉन ताणल्यावर त्याचा रेझिस्टन्स साध्या धातूपेक्षा कितीतरी जास्त बदलतो हे बेल लॅब्जमध्ये चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवलं आणि तिथून ही सगळी जात निघाली. पडदा हलका आणि ताठ, म्हणून त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी शेकडो किलोहर्ट्झमध्ये जाते. वाईट सवय एकच, तापमान बदललं की रीडिंग सरकतं, आणि कॉम्प्रेसरमध्ये हवा दाबली की ती तापणारच.

दुसरी जात क्वार्ट्झसारख्या क्रिस्टलची, दाब पडला की चार्ज देणारी. ही गरम जागी चांगली टिकते पण चार्ज हळूहळू गळून जातो, त्यामुळे स्थिर दाब तिला दिसतच नाही, फक्त बदल दिसतात. हे कधीकधी सोयीचंही असतं. सरासरी दाब २० बार आहे आणि त्यावर १ किलोपास्कलचा (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल) चढउतार आहे असं धरा, म्हणजे आपल्याला हवी ती गोष्ट एकूण दाबाच्या दोन हजाराव्या भागाएवढी. सिलिकॉनवाला सेन्सर २० बार पेलण्याइतका जाड घेतला तर १ किलोपास्कलला तो हूं की चूं करत नाही. त्यावर एक युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. पडद्याच्या मागच्या बाजूलाही तोच दाब द्यायचा, पण लांब बारीक नळीतून. नळी झटपट चढउतार दाबून टाकते, फक्त सरासरी मागे पोहोचते, पडद्याच्या दोन्ही बाजूंना २० बार एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो नुसता चढउतार. इतका वेळ ज्या नळीला शिव्या घातल्या तिचाच असा उपयोग. (आणि हा १ किलोपास्कल काही लहान नाही बरं का, आवाजाच्या भाषेत तो १५४ डेसिबल होतो.)

कम्बशन चेंबरसारख्या भट्टीत तर सेन्सर भिंतीत बसवायची सोयच नसते. तिथे नळी लावावीच लागते, पण ती एका ठिकाणी संपवायची नाही. सेन्सर थोडा लांब, थंड जागी नळीच्या कडेला बसवायचा आणि नळी त्याच्या पुढे तशीच कित्येक मीटर चालू ठेवायची, वेटोळं करून. आत आलेली दाबाची लाट सेन्सरपाशी आपली नोंद करून पुढे जाते आणि त्या लांबलचक नळीत भिंतीला घासून घासून मरते, परत फिरून येतच नाही. लाट परत आली नाही की नळी वाजत नाही. वरच्या फ्रिक्वेन्सी थोड्या हरवतात, लाट पोहोचायला उशीरही होतो, पण दोन्ही किती ते हिशोबाने काढता येतं.

सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेतानाही एक खड्डा आहे आणि त्यात लोक नेमाने पडतात. सेकंदाला १०,००० सॅम्पल, म्हणजे सुटी रीडिंग, घेतले आणि सिग्नल ७,२०० हर्ट्झचा असला तर स्क्रीनवर अगदी ठळक रेष दिसते २,८०० हर्ट्झवर. ती रेष खोटी असते. मशीनमध्ये २,८०० हर्ट्झचं काहीही नसतं आणि एकदा सॅम्पल घेतल्यावर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला हे सांगू शकत नाही, म्हणून नको त्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर डिजिटल करण्याच्या आधी, तारेतच असावा लागतो.

आता एवढा खटाटोप कशासाठी? एक कारण म्हणजे पाती तुटू नयेत. रोटरच्या आधी ४० स्थिर पाती असतील तर त्यांच्या मागे पडणारे ४० हवेचे पट्टे फिरत्या पात्याला एका फेरीत ४० वेळा धक्के देतात, म्हणजे आपल्या उदाहरणात सेकंदाला ८,००० धक्के. पात्याच्या स्वतःच्या कंपनाच्या फ्रिक्वेन्सीशी हे जुळलं की पातं थरथरायला लागतं, आणि अगदी १,००० हर्ट्झने थरथरलं तरी पावणेतीन तासात १ कोटी वेळा वाकून होतं. कुठल्या स्पीडला काय जुळतं ते दाखवणारा आलेख जनरल इलेक्ट्रिकच्या विल्फ्रेड कॅम्पबेल यांच्या १९२४ च्या स्टीम टर्बाइनवरच्या कामातून आला आणि अजूनही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण तो आलेख कधी जुळेल तेवढं सांगतो, धक्का किती जोराचा बसेल ते सांगत नाही, ते मोजावंच लागतं. दुसरं कारण आवाज. फिरत्या आणि स्थिर पात्यांची संख्या कशी निवडली तर आवाज मशीनमधल्या हवेच्या वाटेतून बाहेर न पडता आतच विरतो, हे टायलर आणि सोफ्रिन या इंजिनिअरांनी १९६२ मध्ये दाखवलं.

पण खरी मजा रोटेटिंग स्टॉलमध्ये आहे. कॉम्प्रेसरमधून जाणारी हवा फार कमी झाली की एखाद्या पात्यावरून प्रवाह सुटतो आणि दोन पात्यांमधली ती वाट अर्धवट बंद होते. तिथे अडलेली हवा शेजारच्या वाटांकडे वळते, त्यामुळे एका बाजूच्या पात्यावर हवा आणखी तिरकी आपटून तेही स्टॉल होतं, तर दुसऱ्या बाजूचं पातं उलट सुधारतं. असं करत करत स्टॉल एका पात्यावरून दुसऱ्यावर सरकत जातो, रोटरवरून बघितलं तर उलट्या दिशेने, बाहेरून बघितलं तर रोटरच्याच दिशेने पण त्याच्यापेक्षा हळू, साधारण २० ते ७० टक्के वेगाने. हा वाढला तर पुढे सर्ज होऊ शकतो, म्हणजे सगळा प्रवाहच मागेपुढे हेलकावे खातो, सेकंदाला थोड्याच वेळा, पण जेट इंजिनात पुढच्या तोंडातून ज्वाळा बाहेर येण्यापर्यंत मजल जाते.

स्टॉल पकडायला केसिंगभोवती सेन्सरची माळ लावतात, आणि एकच सेन्सर का पुरत नाही ते बघण्यासारखं आहे. समजा एका सेन्सरला १०० हर्ट्झचा चढउतार दिसला. याचा अर्थ स्टॉलचा एक पट्टा, म्हणजे अडलेल्या वाटांचा एक गट, सेकंदाला १०० फेरे मारतोय असाही होतो आणि दोन पट्टे ५० फेरे मारतायत असाही होतो, दोन्हीचा सिग्नल डिट्टो सारखा. आता ४५ अंशांवर दुसरा सेन्सर लावा. पहिल्या केसमध्ये तोच चढउतार त्याच्यापाशी १.२५ मिलिसेकंदाने पोहोचेल, दुसऱ्यात २.५ ने. संपलं भांडण. अर्थात मधल्या काळात आधीचाच पट्टा आलाय की पुढचा, अशी गल्लत होऊ नये म्हणून शहाणे लोक दोनावर थांबत नाहीत, सहा-आठ लावतात. स्टॉलची सुरुवात दोन प्रकारे होते असं अशाच माळांनी दाखवलं, कधी अख्ख्या घेराभर पसरलेली मंद लाट आधी दिसते आणि हळूहळू वाढते, तर कधी एकदोन पात्यांएवढा टोकदार झटका कुठूनतरी उगवतो आणि काही फेऱ्यांतच खेळ आटोपतो. पहिल्याची चाहूल लागते, दुसऱ्याची लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

इथे सरासरी काढायचा मोह आवरावा लागतो. नेहमीची पद्धत अशी की शाफ्टवर एक खूण ठेवायची, प्रत्येक फेरी त्या खुणेपासून सुरू झाली असं धरायचं आणि शेकडो फेऱ्यांचे सिग्नल एकावर एक ठेवून सरासरी काढायची. हवेतला अस्ताव्यस्त गोंधळ पुसला जातो आणि प्रत्येक पात्याचा ठसा लख्ख वर येतो, अगदी एखादं पातं किंचित वाकडं बसलं असेल तर तेही कळतं. पण स्टॉलचा झटका रोटरच्या तालावर येत नाही, त्यामुळे तोही गोंधळाबरोबर पुसला जातो. म्हणून कच्चा डेटा टाकून देऊ नये, मग हार्ड डिस्क भरली तरी चालेल.

भिंतीवरून जे दिसतं ते टोकाजवळचं. आतल्या प्रवाहासाठी प्रोब, म्हणजे एक बारीक दांडी, आत घालावा लागतो, ज्याच्या टोकातच सेन्सर बसवलेला असतो. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात १९९० च्या दशकात यावर बरंच काम झालं आणि टोक २ मिलिमीटरच्या आत आलं. आणि फिरत्या पात्यावरच सेन्सर चिकटवायचा म्हटलं तर आपल्या २५ सेंटिमीटरवाल्या रोटरच्या टोकाशी त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या ४०,००० पट बल येतं. पडद्याची जाडी त्या बलाच्या दिशेला आली तर तो हवा नसतानाही दाब दाखवेल, म्हणून तो बलाला आडवा न ठेवता त्याच्या रेषेत बसवतात, आणि मग तारांचा प्रश्न येतो, त्या शाफ्टमधून काढून स्लिप रिंगने (फिरत्या शाफ्टला घासत राहणाऱ्या विजेच्या जोडाने) किंवा रेडिओने सिग्नल बाहेर आणायचा. तेवढं करूनही आधी हवा काढून टाकलेल्या चेंबरमध्ये तोच रोटर फिरवून नुसत्या फिरण्याने रीडिंग किती सरकतं हे बघून घेतलेलं बरं, म्हणजे खऱ्या टेस्टमध्ये तेवढं वजा करता येतं.