संघ वाचवणारा मॅनेजर आणि संघ वर आणणारा मॅनेजर

लीड्स युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबाने २०२३ च्या उन्हाळ्यात दोन मॅनेजर नेमले. मे महिन्याच्या सुरुवातीला, प्रीमियर लीगचे, म्हणजे तिथल्या सर्वोच्च श्रेणीचे, चार सामने उरलेले असताना, सॅम ॲलरडाइस आला. चार सामन्यांत एक गुण मिळाला, संघ खालच्या श्रेणीत गेला आणि तोही गेला. जुलैत डॅनियल फार्के आला. खुर्ची तीच होती, पण एकाला बुडणारा संघ वाचवायचा होता आणि दुसऱ्याला बुडालेला संघ वर काढायचा होता. या दोन कामांना एकच समजण्याची चूक क्लबांचे मालक वर्षानुवर्षं करत आले आहेत, आणि त्यासाठी भरपूर पैसेही मोजत आले आहेत.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा फरक चटकन जाणवत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आयएसएल या आपल्या मोठ्या फुटबॉल लीगमध्ये कित्येक वर्षं खाली जाण्याची भीतीच नव्हती. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेला आणि पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकला. पण मिळालेली जागा न वापरता त्याने लीगच सोडली, त्यामुळे पुढची गोष्ट बघायला मिळालीच नाही.

खरा फरक मैदानात आहे. प्रीमियर लीगच्या तळाशी असलेल्या संघाकडे चेंडू फारसा नसतोच. बचावाच्या दोन फळ्या जवळजवळ ठेवायच्या, चेंडू मिळाला की लांब मारायचा, कॉर्नर किंवा फ्री किकवर एखादा गोल काढायचा आणि बरोबरीचा एक गुण खिशात घालून घरी जायचं. ऑगस्टमध्ये तोच संघ चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, उतरतो आणि सगळंच उलटं होतं. आता प्रेस्टन किंवा मिलवॉल तुमच्या मैदानावर येऊन दहा जण मागे उभे करतात. चेंडू दिवसभर तुमच्याच पायात असतो, त्याचं करायचं काय ते सांगा! बरोबरी झाली तर आपलेच प्रेक्षक हुर्यो उडवतात. पहिल्या दोनात येऊन थेट वर जायचं तर ४६ सामन्यांत नव्वदीच्या घरात गुण लागतात, म्हणजे दर सामन्याला जवळपास दोन. फार्केच्या लीड्सने २०२३-२४ मध्ये ९० गुण मिळवले, तरी क्रमांक तिसरा आला आणि वर जाणारा तिसरा संघ ठरवणाऱ्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनने त्यांना हरवलं. एकेका गुणाने पोट भरायची सवय लागलेल्या मॅनेजरचा हिशेब इथे चुकतो.

वेळेचं गणितही वेगळं आहे. वाचवायला आलेल्या माणसाला हाती असलेल्या खेळाडूंवरच भागवायचं असतं, पण निदान ते खेळाडू कोण हे तरी त्याला माहीत असतं. खाली गेलेल्या क्लबात जूनमध्ये आलेल्या माणसाला ऑगस्ट संपेपर्यंत आपला संघ कोणता हेच कळत नाही. चांगले खेळाडू वरचे क्लब उचलतात. खाली गेलेल्या लेस्टरचा जेम्स मॅडिसन टॉटनहॅमला गेला आणि हार्वी बार्न्स न्यूकॅसलला. ज्यांना जायचं होतं पण गिऱ्हाईक मिळालं नाही, ते तोंड पाडून सरावाला येतात. पैशाची बाजू पॅराशूट पेमेंट, म्हणजे खाली गेलेल्या क्लबाला काही वर्षं मिळणारी रक्कम, सांभाळतं: टीव्हीच्या उत्पन्नातला जो भाग वरच्या क्लबांना सारखा वाटला जातो, त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ दुसऱ्या आणि २० तिसऱ्या वर्षी. वरच्या लीगमध्ये एकच हंगाम काढलेल्या क्लबाला तिसरा हप्ता मिळत नाही. पगार मात्र प्रत्येकाच्या करारात लिहिल्याप्रमाणेच कमी होतात. संडरलंड २०१७ मध्ये खाली गेलं तेव्हा जॅक रॉडवेलच्या करारात पगारकपातीचं कलमच नव्हतं. त्या उन्हाळ्यात आलेला सायमन ग्रेसन ऑक्टोबरअखेर गेला, आणि हंगामाच्या शेवटी क्लब आणखी एक पायरी खाली. मॅनेजर कोण होता याने तिथे किती फरक पडला असता, मला शंकाच आहे.

सगळ्यात मोहाची जागा म्हणजे हंगामी मॅनेजर. तो शेवटच्या काही सामन्यांत संघाला जवळजवळ वाचवतो, प्रेक्षक त्याच्या नावाने गाणी म्हणतात आणि संचालकांनाही वाटतं की यालाच ठेवू. बर्नलीने एप्रिल २०२२ मध्ये शॉन डायशला काढलं. त्याच्या जागी तात्पुरत्या आलेल्या माइक जॅक्सनने पहिल्या चार सामन्यांत दहा गुण मिळवले, पण शेवटच्या दिवशी न्यूकॅसलकडून हरून संघ खाली गेलाच. क्लबाने मात्र मन घट्ट केलं आणि अँडरलेक्टहून व्हिन्सेंट कोम्पनीला आणलं. डायशच्या लांब चेंडूंच्या संघाला कोम्पनीने पास देत खेळायला लावलं, १०१ गुण मिळवले आणि सात सामने शिल्लक असतानाच वर जाणं पक्कं केलं. जॅक्सनने आणलेली ती लाट एप्रिलची होती. ऑगस्टमध्ये तिचा उपयोग नव्हता, एवढं कोणीतरी शांतपणे पाहिलं.

मग जुनं यश बघून निवडावं का? ॲस्टन व्हिला २०१६ मध्ये अवघ्या १७ गुणांनिशी तळाला राहून खाली गेलं आणि त्यांनी रॉबर्टो डी मातेओला बोलावलं. चेल्सीला चॅम्पियन्स लीग जिंकून दिलेला माणूस, आणि खाली गेलेल्या वेस्ट ब्रॉमला त्याने २०१० मध्ये एकाच हंगामात परत वर नेलं होतं. कागदावर याहून योग्य उमेदवार शोधून सापडला नसता. लीगच्या ११ सामन्यांत १ विजय आणि ७ बरोबऱ्या, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला हकालपट्टी. याउलट एन्झो मारेस्का: इटलीत खाली गेलेल्या पार्माने २०२१ मध्ये त्याला घेतलं आणि नोव्हेंबरमध्येच काढलं. दोन वर्षांनी लेस्टरने नेमकं तेच काम त्याच्याकडे दिलं, तेव्हा त्याने ९७ गुणांसह चॅम्पियनशिप जिंकली.

ॲलरडाइसवर अन्याय नको. वेस्ट हॅम २०११ मध्ये खाली गेलं तेव्हा त्यांनी त्यालाच नेमलं होतं. हंगामाआधीचा पूर्ण सराव मिळाला, केव्हिन नोलनसारखे हवे ते खेळाडू मिळाले, आणि वेम्बलीत प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूलला २-१ हरवून तो संघ लगेच वर आला. खेळ बघवत नाही म्हणून प्रेक्षक कुरकुरत होते, ते सोडा. म्हणून मुलाखतीत ‘कुठे कुठे यशस्वी झालात’ यापेक्षा ‘समोरचा संघ सगळे मागे घेऊन बसला तर काय कराल’ आणि ‘तुमचे पहिले चार खेळाडू विकले तर काय कराल’ हे विचारलेलं बरं. जूनमधल्या घाईत हे प्रश्न राहून जातात.

वर गेल्यावर हाच गोंधळ उलट्या दिशेने होतो. फार्केने २०१९ मध्ये नॉर्विचला वर नेलं आणि पुढच्या हंगामात २१ गुणांनिशी संघ तळाला गेला. नॉर्विचने त्याला काढलं नाही, म्हणून तो ९७ गुणांनी पुन्हा वर आला. दुसऱ्या खेपेला मात्र नोव्हेंबरमध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध हंगामातला पहिला विजय मिळाला त्याच दिवशी त्याला निरोप दिला. कोम्पनीची बर्नली वर जाऊन २४ गुणांत गुंडाळली गेली, आणि तरीही बायर्न म्युनिकने त्याला नेलं. बर्नलीने मग स्कॉट पार्करला आणलं. बोर्नमथला वर नेल्यावर लिव्हरपूलकडून ०-९ असा मार खाऊन लीगच्या चारच सामन्यांत नोकरी गेलेला हा माणूस. त्याच्या बर्नलीने ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले आणि १०० गुण मिळवले.