शिक्षकांची दमछाक: दोष व्यक्तीचा की शाळेच्या कारभाराचा?

शिक्षक थकला, चिडचिडा झाला, शेवटी राजीनामा देऊन गेला, तर त्याचं खापर बराच काळ त्याच्याच डोक्यावर फुटत असे. वर्ग सांभाळता आला नाही, सोशीकपणा कमी पडला, एवढं बोलून विषय मिटायचा. मुख्याध्यापकाच्या कामाकडे बोट जायला फार वर्षं लागली.

कामाने पार खचून जाण्यासाठीचा ‘बर्नआउट’ हा शब्द संशोधनात रुजला तो १९७४ मध्ये, आणि तोही शाळेमुळे नाही. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी तिथले कार्यकर्ते कसे खचत जातात, ते लिहून काढलं. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ही अवस्था मोजणारी प्रश्नावली तयार केली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना, अशा तीन गोष्टी त्यात तपासल्या जातात. पुढे शिक्षकांसाठी तिची वेगळी आवृत्ती निघाली. मात्र मोजमाप झालं तरी उपाय व्यक्तीपुरतेच राहिले: सुट्टी घ्या, मन शांत ठेवा.

खरी कलाटणी २००१ ची. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इंगरसॉल यांनी राष्ट्रीय आकडेवारी तपासून दाखवलं की शिक्षकांचा तुटवडा मुख्यतः निवृत्तीमुळे नाही, तर नोकरी सोडून जाणाऱ्यांमुळे आहे. सोडण्याच्या कारणांत कमी पगार होता, तशीच वर्गातली बेशिस्त, प्रशासनाचा न मिळणारा पाठिंबा आणि निर्णयांत नसलेला आवाज ही कारणंही होती. म्हणजे कितीही नवी भरती केली तरी बादली गळकीच. २०११ मध्ये न्यूयॉर्कमधल्या नव्या शिक्षकांच्या अभ्यासातूनही हेच निघालं: कामाच्या परिस्थितीतल्या सगळ्या बाबींत, टिकायचं की जायचं हे ठरवताना शाळेच्या प्रशासनाचा अनुभव सर्वांत भारी पडत होता.

वह्या तपासण्याचंच घ्या. इंग्लंडमध्ये अशी पद्धत रूढ झाली होती की शिक्षकाने सविस्तर शेरा लिहायचा, मुलाने त्याला लेखी उत्तर द्यायचं आणि शिक्षकाने त्यावर पुन्हा शेरा मारायचा. प्रत्येक वहीत, प्रत्येक मुलासाठी. २०१६ मध्ये सरकारने नेमलेल्या गटाने या पद्धतीला पुरेसा आधार नसल्याचं सांगितलं आणि शाळांनी हे ओझं कमी करावं, असं सुचवलं. मुलांचं नुकसान न होता शिक्षकाची संध्याकाळ मोकळी करणारा असा निर्णय शिक्षक एकटा घेऊ शकत नाही. तो मुख्याध्यापकानेच घ्यायला हवा.

२०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली. माझ्या मते हे फार मोलाचं आहे, कारण आता प्रश्न कामाच्या ठिकाणालाच विचारावा लागतो. तो तातडीचाही आहे. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार प्राथमिक शिक्षकांचं नोकरी सोडण्याचं जागतिक प्रमाण २०१५ मध्ये ४.६२ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ९.०६ टक्क्यांवर गेलं.

पगार आणि पटसंख्या बहुतेक मुख्याध्यापकांच्या हातात नसते, हे खरंच. पण वेळापत्रक असतं. इंग्लंडने २०२१ पासून नव्या शिक्षकांना पहिल्या वर्षी १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के तास मोकळे ठेवले. कागदावरचा हा मोकळा तास प्रत्यक्षात मिळतो की रजेवरच्या सहकाऱ्याच्या वर्गावर जाण्यात संपतो, हे ज्या त्या शाळेत रोज सकाळी ठरतं.