तीन मिनिटे की पाच: मिश्र मार्शल आर्ट्समधील महिलांच्या लढतींची पार्श्वभूमी

महिलांच्या मिश्र मार्शल आर्ट्सविषयी लिहिताना बहुतेक जण २३ फेब्रुवारी २०१३ या तारखेपासून आरंभ करतात. त्या रात्री कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे, या खेळातील सर्वांत मोठ्या अमेरिकी संस्थेच्या पिंजऱ्यात, म्हणजे जाळीने बंदिस्त रिंगणात, प्रथमच दोन महिला उतरल्या आणि कार्यक्रमाची मुख्य लढतही तीच होती. तारीख महत्त्वाची आहेच. परंतु तेथून सुरुवात केली की, त्या संस्थेने दार उघडले म्हणून खेळ सुरू झाला असा समज होतो आणि तो खरा नाही. त्याआधी सुमारे अठरा वर्षे महिला लढत होत्या. त्यांनी किती वेळ लढावे हे मात्र प्रत्येक टप्प्यावर दुसरेच कोणीतरी ठरवत होते, आणि खेळाचे स्वरूप त्या निर्णयाने जितके घडले-बिघडले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने घडले असेल.

आधी एका शब्दाविषयी. टेनिस आणि बॅडमिंटनमुळे ‘मिश्र’ म्हटले की मराठी वाचकाला स्त्री-पुरुषांची जोडी आठवते. येथे मिश्रण आहे ते लढण्याच्या प्रकारांचे: मुष्टियुद्धातील ठोसे, लाथा, कुस्तीतला पट, जुदोतील फेक आणि जमिनीवर सांधा पिरगाळण्याचे किंवा गळा आवळण्याचे डाव. महिला महिलांशीच, ठरलेल्या वजनगटात लढतात. स्त्रीने पुरुषाशी लढण्याचा प्रश्न आपल्याकडे निराळ्या संदर्भात येऊन गेला आहे. १९५० च्या दशकात एक महिला मल्ल पुरुषांशी कुस्त्या करत असे. मे १९५४ मध्ये बडोद्याला तिने प्रतिस्पर्ध्याला एक मिनिट ३४ सेकंदांत हरवले होते. पुण्यातील तिची एक ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली आणि कोल्हापुरात विजयानंतर तिच्यावर दगड भिरकावले गेले. त्या प्रकरणाचा या खेळाशी थेट धागा जुळत नाही, म्हणून त्याचा उल्लेख येथेच थांबवतो.

महिलांच्या लढतींची पहिली खरी भूमी जपान ही होय. जुलै १९९५ मध्ये, म्हणजे त्या सर्वांत मोठ्या अमेरिकी संस्थेच्या डेन्व्हरमधील १९९३ च्या सुप्रसिद्ध पहिल्या स्पर्धेनंतर दोन वर्षांच्या आत, तेथील महिला व्यावसायिक कुस्तीच्या आयोजकांनी टोकियोत महिलांची स्पर्धा भरवली आणि रशियाच्या एका अवजड जुदोपटूने ती जिंकली. डिसेंबर २००० मधील टोकियोच्या स्पर्धेत एकोणीस वर्षांची डच तरुणी विजेती ठरली. त्यानंतर जपानमध्ये केवळ महिलांच्या लढती नियमितपणे भरवणारी संस्था उभी राहिली. परंतु तिच्या नियमांत एक विलक्षण अट होती: दोघी जमिनीवर गेल्या की डाव पूर्ण करण्यास तीस सेकंद मिळत, आणि तेवढ्यात निकाल न लागल्यास पंच दोघींना पुन्हा उभे करत. जमिनीवरील प्रतिस्पर्धीच्या डोक्यावर ठोसे मारण्यासही मनाई होती. प्रेक्षकांना कंटाळा येऊ नये आणि इजा होऊ नये, अशी दोन्ही बाजूंची काळजी या नियमांमागे दिसते. प्रत्यक्षात जिची खरी ताकद जमिनीवर होती, तिच्याच हातून लढत काढून घेतली जात होती. ही तीस सेकंदांची अट पुढे उठवण्यात आली.

अमेरिकेत हाच प्रश्न फेरीच्या रूपाने आला. २००० च्या सुमारास न्यू जर्सीतून जे एकत्रित नियम पुढे आले आणि हळूहळू इतर राज्यांनी स्वीकारले, त्यांत साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, तर अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची होती. महिलांना मात्र मोठ्या कार्यक्रमांत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या मिळत. फेब्रुवारी २००७ मध्ये मिसिसिपी राज्यातील साउथहेवन येथे झालेली आणि सशुल्क वाहिनीवर दाखवलेली लढत अशीच होती. मे २००८ मध्ये महिलांची लढत अमेरिकेतील सर्वसाधारण दूरचित्रवाणीवर प्रथम आली, तेव्हाही फेरी तीन मिनिटांचीच राहिली. पुरुषांना पंधरा मिनिटे, महिलांना नऊ.

या फरकाचे समर्थन करणारे सुरक्षिततेकडे बोट दाखवत, आणि फेरी लहान असेल तर चढाई अधिक होते असेही म्हणत. मुष्टियुद्धाचा दाखला हाताशी होताच. तेथे महिलांची व्यावसायिक फेरी सहसा दोन मिनिटांची असते, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिला मुष्टियुद्धाचा प्रथम समावेश झाला तेव्हाही पुरुषांना तीन मिनिटांच्या तीन, तर महिलांना दोन मिनिटांच्या चार फेऱ्या देण्यात आल्या. तरीही माझ्या मते हा दाखला येथे लागू पडत नाही. मुष्टियुद्धात दोघी सतत उभ्या असतात आणि पहिल्या सेकंदाला जो ठोसा मारता येतो तो शेवटच्यालाही मारता येतो. मिश्र मार्शल आर्ट्समध्ये प्रतिस्पर्धीला खाली घ्यावे लागते, तिच्या पायांच्या विळख्यातून बाहेर पडावे लागते, वर बसून पकड जमवावी लागते आणि मग कुठे हात किंवा गळा हाती येतो. तेवढ्यात घंटा झाली की पुढची फेरी पुन्हा उभ्याने सुरू होते आणि केलेली सारी मेहनत वाया जाते. लहान फेरी दोघींना सारखीच लागू असली, तरी तिचा लाभ ठोसे मारणारीला अधिक मिळतो. कुस्ती, जुदो किंवा जुजुत्सूतून आलेलीचे नुकसान होते.

हा तर्क पडताळण्यास दोन लढती पुरेशा आहेत. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन होजे येथे एका अमेरिकी स्पर्धिकेची आणि ब्राझीलच्या स्पर्धिकेची १४५ पौंड गटातील अजिंक्यपदाची गाठ पडली. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाची मुख्य लढत महिलांची असण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि तिला पुरुषांप्रमाणेच पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या मिळाल्या. ब्राझीलच्या स्पर्धिकेने ती पहिल्याच फेरीत चार मिनिटे ५९ सेकंदांना जिंकली. एक सेकंद उरला होता. ॲनाहाइमची २०१३ मधील लढत अजिंक्यवीर स्पर्धिकेने हाताच्या सांध्यावरील आर्मबार या डावाने संपवली, तीही पहिल्याच फेरीत, चार मिनिटे ४९ सेकंदांना. जुनी फेरी असती तर दोन्ही वेळा तिसऱ्या मिनिटाला घंटा झाली असती आणि दोघी आपापल्या कोपऱ्यात परतल्या असत्या. ज्या दोन निकालांमुळे हा खेळ लोकांपर्यंत पोहोचला, ते दोन्ही पाच मिनिटांच्या फेरीतच शक्य होते.

या दोन लढतींच्या दरम्यान, जानेवारी २०११ मध्ये, सर्वांत मोठ्या संस्थेच्या प्रमुखाला महिला आपल्याकडे कधी लढतील, असे विचारले असता त्याने ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले होते. एक वजनगट भरेल इतक्या दर्जेदार स्पर्धिका नाहीत, हे त्यामागचे कारण सांगितले जाई. ज्या संस्थेकडे त्या स्पर्धिका होत्या, ती दोन महिन्यांतच त्याच्या कंपनीने विकत घेतली आणि २०१२ च्या अखेरीस १३५ पौंड गटाचे अजिंक्यपद जाहीर झाले. ते ज्या महिलेला देण्यात आले, ती २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधील जुदोची कांस्यपदक विजेती होती. ऑलिम्पिकमध्ये महिलांची जुदो १९९२ मध्ये आणि कुस्ती २००४ मध्ये आली नसती, तर अशा तयारीच्या खेळाडू या पिंजऱ्यापर्यंत पोहोचल्याच नसत्या. प्रमुखाच्या मनपरिवर्तनाच्या कथेत हा भाग नेहमी सुटतो.

पुढचा काळ वेगाचा आहे. २०१४ मध्ये ११५ पौंड गट आला, २०१७ मध्ये १४५ आणि १२५ पौंडांचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला ५६,२१४ प्रेक्षकांसमोर, मुष्टियुद्धातून आलेल्या स्पर्धिकेने डोक्यावर लाथ मारून अजिंक्यवीर जुदोपटूला प्रथमच हरवले. ऑगस्ट २०१९ मध्ये शेन्झेनला एका चिनी महिलेने ४२ सेकंदांत अजिंक्यपद मिळवले. पुरेशा स्पर्धिका नसल्याची तक्रार मात्र एका गटाबाबत खरी ठरली, हेही नोंदवले पाहिजे: दोन गटांची अजिंक्यवीर २०२३ मध्ये निवृत्त झाल्यावर १४५ पौंडांचा गट ओस पडला.

भारतातील महिला या खेळात आल्या तोवर फेरीचा वाद मिटला होता. त्यांच्यापुढील अडचण तालमीतल्या डावांची होती. हरियाणातील प्रसिद्ध कुस्ती घराण्यातील एक मल्ल नोव्हेंबर २०१९ मध्ये बीजिंगला पहिली व्यावसायिक लढत जिंकली आणि डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला मोठ्या स्पर्धेच्या अंतिम लढतीपर्यंत गेली. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातली दुसरी स्पर्धिका वुशू या चिनी युद्धकलेतून आली. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे तिने पूर्ण पंधरा मिनिटे लढून, तीनपैकी दोन परीक्षकांच्या कौलावर विजय मिळवला. त्या सर्वांत मोठ्या संस्थेत भारतीय महिलेचा तो पहिला विजय होता. वुशूतील लढतीची फेरी दोन मिनिटांची असते आणि प्रतिस्पर्धी खाली पडली की पंच थांबवतात. कुस्तीत जमिनीवरचा संघर्ष भरपूर असतो, पण सांधा पिरगाळण्यास मनाई असते. सिंगापूरच्या अंतिम लढतीत मल्ल दुसऱ्या फेरीत आर्मबारवर हरली. मार्च २०२५ मध्ये लंडनला वुशूतून आलेली स्पर्धिकाही हरली, दुसऱ्याच फेरीत आणि त्याच डावावर.