लपलेल्या देवाची परंपरा

मदर तेरेसांची खासगी पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा अनेक वर्तमानपत्रांना एकच प्रश्न पडला: त्यांची श्रद्धा उडाली होती का? कॅथलिक साधनेचा इतिहास ठाऊक असलेल्यांना त्या पत्रांतला काळोख, म्हणजे देव जवळ असल्याचे मुळीच न जाणवणे, ओळखीचा होता. चकित केले ते त्याच्या लांबीने.

'खरोखर तू लपलेला देव आहेस,' असे बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथातच आहे (४५:१५). चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी सीनाय पर्वतावरच्या अंधारात देवाला भेटायला शिरणाऱ्या मोशे या संदेष्ट्यावर लिहिले. देवाच्या जितके जवळ जावे तितका तो बुद्धीला अनाकलनीय होतो, असे त्यांचे म्हणणे. हा बुद्धीच्या सीमेवरचा अंधार. त्यात तळमळ फारशी नाही.

तळमळ आली स्पेनमधून. डिसेंबर १५७७मध्ये जॉन ऑफ द क्रॉस या कवी-संन्याशाला आविलातून उचलून तोलेदोच्या मठात कोंडले ते त्यांच्याच कार्मेलाइट या संन्यासी संघातल्या, त्यांच्या सुधारणांना विरोध करणाऱ्या बंधूंनी. ऑगस्ट १५७८मध्ये ते तिथून निसटले. त्या अंधाऱ्या कोठडीत रचलेल्या गीताची सुरुवातच 'कुठे लपलास, प्रियकरा?' अशी आहे. पुढे 'काळोखी रात्र' या आपल्याच कवितेवर भाष्य करताना त्यांनी सांगितले की, प्रार्थनेतली गोडी आटते ती साधकाने गोडीला सोडून देवाला धरावे म्हणून. पण प्रत्येक कोरडेपणा म्हणजे ही रात्र नव्हे. ती आळसापासून आणि उदासीपासून वेगळी कशी ओळखावी, याच्या खुणाही ते देतात. मला हा भाग त्यांच्या कवितेइतकाच मोलाचा वाटतो. त्यांच्या लेखी रात्र ही मिलनाकडे नेणारी वाट होती, म्हणजे तिला पहाट होती.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली कार्मेलाइट जोगीण तेरेज हिला मात्र १८९६च्या ईस्टरपासून वेढलेला काळोख सप्टेंबर १८९७मध्ये, चोविसाव्या वर्षी, क्षयाने मृत्यू येईपर्यंत सरला नाही. नास्तिकांच्या पंगतीला बसल्यासारखे तिला वाटे, आणि त्या पंगतीतून तिने उठायचे नाकारले.

मदर तेरेसांचा काळोख तर त्यांच्या संस्थेच्या सुरुवातीपासूनचा. १९५८मध्ये पाचेक आठवडे तो हटला, मग परतला. पुण्यात ईशज्ञान (धर्मशास्त्र) शिकवणारे, जेज्वीट या कॅथलिक संघाचे फादर जोसेफ नॉयनर यांनी १९६१च्या सुमारास त्यांना समजावले की यात त्यांचा दोष नाही. देवासाठीची तहान हीच त्याच्या छुप्या सान्निध्याची खूण. काळोख त्यानंतरही गेला नाही, पण आपण त्या काळोखावर प्रेम करू लागलो, असे मदर तेरेसांनी फादरांना लिहिले. पत्रे जाळून टाकावीत, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही, आणि हीच पत्रे पुढे त्यांच्या संतपदाच्या चौकशीत गोळा झाली.