हवा मोजायचं मशीन आलं, पण कुणासाठी?

जालन्यात आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की आई वरून पातळ धोतर टाकते, संध्याकाळी ते झटकलं की काळी बारीक पूड हाताला चिकटते. स्टीलच्या भट्ट्यांचं शहर, त्यामुळं इथं कुणाला नवल वाटत नाही. पण दिसणारी धूळ निदान झटकता तरी येते, खरी भीती न दिसणाऱ्या धुळीची, आणि ती मोजायला आपल्याकडं फार उशीर झाला.

1952 च्या डिसेंबरात लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं चार-पाच दिवस बसून राहिलं, हजारो माणसं गेली, तेव्हा कुठं तिथल्या सरकारला हवेचा प्रश्न मनावर घ्यावा लागला. आपल्याकडं हवेचा कायदा आला 1981 ला, आणि 1984 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मोजणी सुरू केली ती आग्रा आणि अनपरा इथल्या फक्त 7 केंद्रांवर. त्याच वर्षी डिसेंबरात भोपाळ झालं.

पुढं केंद्रं वाढली, पण मॅन्युअल. म्हणजे काय, तर एखाद्या ऑफिसच्या नाहीतर कॉलेजच्या छतावर सॅम्पलर, त्यात पांढरा फिल्टर पेपर, मशीन हवा ओढतं, पेपर मळतो, मग लॅबमध्ये त्याचं वजन, कोऱ्या पेपरचं वजन वजा केलं की उरते ती धूळ. हे आठवड्यातून 2 दिवस, वर्षाला 104 दिवस. बाकीच्या दिवसांची नोंदच नाही, आणि आकडा हातात येईपर्यंत दम्याच्या पेशंटला अटॅक येऊन गेलेला असतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते 1994 चं मानक. राहत्या वस्तीत पीएम 10 ची, म्हणजे 10 मायक्रॉन नाहीतर त्याहून बारीक धुळीची, 24 तासांची मर्यादा एका घनमीटर हवेत 100 मायक्रोग्रॅम, औद्योगिक भागात मात्र 150! औरंगाबादजवळच्या वाळूज एमआयडीसीत या, कंपनीच्या भिंतीपलीकडंच कामगारांच्या खोल्या आहेत, त्या पोरांची फुफ्फुसं काय वेगळी असतात का? 2009 ला हा भेद गेला आणि पीएम 2.5, म्हणजे 2.5 मायक्रॉन नाहीतर त्याहून बारीक कण, पहिल्यांदा मानकात आले, 24 तासांना 60, वर्षाला 40. हे कण इतके बारीक की नाकाघशात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात आणि तिथून रक्तात. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं बाहेरच्या प्रदूषित हवेला कॅन्सरचं कारण ठरवलं, आणि 2021 ला संघटनेनं पीएम 2.5 ची वर्षाची मर्यादा 5 वर आणली. आपली 40 च.

2015 पासून एक्यूआय, म्हणजे हवा किती चांगली-वाईट ते सांगणारा निर्देशांक, आला, रंगावरून कुणालाही कळेल असा, हे काम खरंच चांगलं झालं. वाळूजच्या मोरे चौकात 24 तास मोजणारं केंद्रही बसलं. मग 2019 चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम, त्यात मराठवाड्यातली 3 शहरं घेतली, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), जालना आणि लातूर. बीड, परभणी, नांदेड, हिंगोली, धाराशिव यादीत नाहीत.

माझी मावशी परभणीची, घर रस्त्याला लागून, समोरून दिवसभर ट्रक. मागच्या हिवाळ्यात दम लागतो म्हणून दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी विचारलं तंबाखू खाता का, चूल पेटवता का, दोन्हीला नाही म्हणाली. घर कुठं आहे, ते कुणी विचारलं नाही.